डावीकडचा आवाज

सोमवार, ६ जानेवारी

माझा नवरा वसंत शिकवतो त्या कॉलेजातून दरवर्षी एक डायरी घरी येते आणि दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदाची मी ठेवून घेतली. नोव्हेंबरपासून माझ्या आसपास काहीतरी चाललं आहे आणि ते मला कोणी सांगत नाही. सव्वीस वर्षं लघुलेखक म्हणून नोकरी झाली, दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवण्यात जन्म गेला. आता थोडं स्वतःसाठी उतरवते. उद्या कोणी म्हणायला नको की चारुताबाईंच्या मनाचे खेळ होते.

घरात मी खोलीत शिरले की वसंत आणि मैथिली गप्प होतात. काल मी पोळ्या करत होते आणि बापलेक हॉलमध्ये अगदी खालच्या आवाजात बोलत होते. विचारलं तर मैथिली म्हणाली, आम्ही नेहमीसारखंच बोलतोय. वीस वर्षांची घोडी झाली, पण खोटं बोलायला अजून येत नाही.

ऑफिसात नवे साहेब. गृहस्थ सभ्य, पण तोंडातल्या तोंडात बोलतात. दिवाळीत केबिनला रंग दिला तेव्हा टेबल फिरवलं. आता मी खिडकीकडे तोंड करून बसते आणि साहेब माझ्या डाव्या हाताला येतात. दौऱ्यावर असले की मजकूर फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात, तो ऐकून टाइप करायचा. त्यासाठी एक चांगला हेडफोन हवा. शिवाय बडनेरा ते अकोला रोजचं जाणं-येणं, गाडीत गाणी ऐकता येतील.

मैथिलीने तिची जुनी कानात घालायची बटणं दिली. डावं बटण मेलेलं. खराब झालेलं मला देतेस होय, म्हटलं. तिने स्वतः घालून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

गुरुवार, ९ जानेवारी

संध्याकाळी वसंतसोबत राजकमल चौकात. दुकान स्वप्निलचं, हा वसंतचा जुना विद्यार्थी. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. एवढी सरबराई कोणी उगाच करत नाही.

त्याने मला विचारलं, रोज किती वेळ ऐकणार, गाडीत किती, ऑफिसात किती, चष्मा घालता का, कान घामेजतात का. डॉक्टरसारखे प्रश्न. मग एकेक काढत गेला. गळ्यात अडकवायचा पट्टा, तो पदरात गुंततो. कानात बसणारी छोटी बटणं, तोंड हलवलं की निसटतात. कानांवर बसणारे मोठे, बाहेरचा गोंगाट अडवणारे. ते बरे वाटले, पण अंबाड्याच्या वर दांडी कशी बसवायची हा प्रश्न.

आणि सगळ्यांचं डावं अंग मंद. सगळ्यांचं! चार निरनिराळ्या कंपन्यांचं.

स्वप्निल म्हणाला, "मॅडम, उलटा घालून पाहा बरं. डावा उजवीकडे."

घातला. मघाशी उजवीकडे खणखणीत वाजणारा भाग डावीकडे आला आणि तोही मंदावला. म्हणजे दोन्ही भाग सदोष आहेत, एका वेळी एकच चालतो. मी तसं स्पष्ट सांगितलं. स्वप्निलने वसंतकडे बघितलं फक्त.

न घेताच निघालो. मी पायऱ्या उतरल्यावर स्वप्निलने वसंतला थांबवून काहीतरी सांगितलं, वसंतने मान हलवली. काय म्हणाला तो, असं विचारल्यावर वसंत म्हणाला, काही नाही, तुझी तब्येत विचारत होता. माझी तब्येत त्याने मला विचारावी की.

बुधवार, १५ जानेवारी

अकोल्यात टिळक रोडवर मोठे हेडफोन घेतले. एकटीच गेले, कोणाला सांगितलं नाही. दुकानात डावी बाजू मंदच वाटली होती, पण दुकानदार म्हणाला की वापरात आल्यावर मोकळे होतात. त्याचा चेहरा भरवशाचा नव्हता. तरी किती दुकानं हिंडणार?

परतीच्या गाडीत इंदूबाई भेटल्या. त्या अकोल्याला एका दवाखान्यात आया आहेत, माझ्यासोबतच बडनेऱ्याला उतरतात. त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि गाणं लावलं.

"कोणत्या बाजूने कमी येतं?"

"मले तं दोनी कानांत सारकंच ऐकू येऊन राह्यलं. कावून?"

बिचारीला कुठे सवय असल्या वस्तूंची. मी काढून घेतले.

एक मात्र लिहून ठेवते. गाडीत मला सगळ्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, इंदूबाईंचंही आणि पलीकडच्या बाकावरच्या बायांचंही. गाडीतली माणसं मनाने साफ आहेत, मोकळ्या गळ्याने बोलतात. कुजबूज सुरू होते ती घरी आणि ऑफिसात.

बुधवार, २२ जानेवारी

नीलमबद्दल लिहायचं टाळत होते. आज लिहिते.

नीलम आमच्याकडची दुसरी लघुलेखक. चौतीस वर्षांची, मूळ वलगावची, वडील बुधाजी लोकांच्या शेतात मजुरी करायचे. पहिल्या फटक्यात परीक्षा पास झालेली. वर्षभरात उच्च श्रेणीची एक जागा निघणार आहे आणि ती कोणाची, हे बढतीची यादी सांगते. यादीत मी पहिली आहे.

आज आमच्या सामायिक फोल्डरमध्ये पाहिलं. माझा कालचा मसुदा मी चार वाजता बंद केला होता, तो पाच चाळीसला नीलमच्या नावाने उघडलेला. मागचे पाहिले. सोमवारचा उघडलेला. गुरुवारचाही.

मी असलं काही मानत नाही. तिच्या डब्यातलं भरीत मी खाल्लं आहे. पण त्यांच्या लोकांत आजकाल पुढे जायची जिद्द फार, आणि आमच्या घरात तीन पिढ्या वकिलीत गेल्या तरी आम्हाला असं दुसऱ्याच्या कागदात डोकवायला कोणी शिकवलं नाही.

तिला सरळ विचारलं नाही. सावध होईल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

हेडफोन मोकळे झाले! काल रविवारी दुपारी आवाज वाढवून लावले तर डावी बाजू एकदम उघडली. दोन्हीकडून सारखं. उगाच त्या टिळक रोडवाल्यावर संशय घेतला. मैथिलीला सांगितलं तर ती हसली आणि लगेच तिच्या खोलीत गेली.

आज गाडीत इंदूबाईंना पुन्हा ऐकवले. म्हणाल्या, "उजवीकून तं लय कमी येऊन राह्यलं, बाई. बिघडला तुमचा." मी हसले. त्यांनी एकदा कान दाखवून घ्यायला हवेत. दवाखान्यातच आहेत म्हणा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फोनवरची अक्षरं मोठी करायला गेले आणि आत एका पानावर ती पट्टी दिसली. डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल. ठिपका मधोमध असायला हवा, तो बराच डावीकडे सरकवलेला. म्हणजे माझं चांगलं चालणारं उजवं अंग कोणीतरी मुद्दाम कमी केलं.

ठिपका मध्ये आणला. डावी बाजू पुन्हा मंद.

माझा फोन माझ्या हातातून जातो कुठे? ऑफिसात चार्जिंगला. चार्जिंगचा बोर्ड नीलमच्या टेबलाशी. माझ्या ऐकण्यात बिघाड केला की माझ्या कामात चुका होणार आणि चुका झाल्या की यादी बदलणार, इतकं सरळ आहे.

वसंतला सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "चारू, आपण एकदा..." आणि मैथिलीने त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला. मी वाट पाहिली. तो म्हणाला, "एकदा फोन बदलून पाहू."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जे व्हायचं ते झालं.

मागच्या मंगळवारी साहेबांनी दौऱ्यावरून एका संस्थेला द्यायच्या नोटिशीचा मजकूर पाठवला होता. तो मी टाइप केला, सही होऊन गेला. आज कळलं की सात दिवसांत खुलासा करा असं जायचं होतं, ते साठ दिवस असं गेलं. संस्थेने पोच देताना साठ दिवसांबद्दल आभार मानले.

साहेबांनी मला आणि नीलमला आत बोलावलं. स्वतःच्या फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. फोन टेबलावर, माझ्या डाव्या हाताला, वर पंखा. शिपाई सूर्यभान दारात उभा होता. त्या शब्दाशी सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली.

साहेब म्हणाले, इतक्या वर्षांच्या अनुभवात असं कसं? मी सांगितलं, मी सातच टाइप केलं होतं. माझ्यानंतर तो मसुदा कोणी उघडला ते पाहा. त्यांनी पाहिलं. नीलमचं नाव होतं.

नीलम म्हणाली, तिने दोन शब्द दुरुस्त केले, तिसरं काही केलं नाही. पण माझा मसुदा ती मुळात कशासाठी उघडते, याचं उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहून गप्प बसली. ज्याला लपवायचं असतं तोच असा गप्प बसतो.

मी सातच टाइप केलं असणार. मला तो क्षण आठवत नाही. पण असणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लेखी तक्रार दिली. दीड पान. स्वतः टाइप केली, चारदा वाचली, एक चूक नाही. 'हेतुपुरस्सर' हा शब्द घालावा की नाही यावर गाडीत बराच विचार केला होता. घातला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चौकशी होईपर्यंत नीलमला अभिलेख कक्षात बसवलं. तळमजला, जुनी दप्तरं, एक खिडकी. तिथे टाइप करायला काही नाही, गठ्ठे लावायचे.

दुपारी ती तिचं सामान न्यायला आली. माझ्या टेबलाशी उभी राहिली, डाव्या बाजूला. काहीतरी बोलली असावी. सावली हलली म्हणून कळलं की कोणी उभं आहे. मी कागदातून मान वर केली नाही. थोड्या वेळाने सावली गेली.

सूर्यभानने आज मला पाणी आणून दिलं नाही.

शनिवार, १ मार्च

घरातलं वेगळंच निघतंय.

वसंत अंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन वाजला. नुसता नंबर, नाव नाही. उघडून पाहिला तर सकाळचा निरोप होता, 'पुढच्या शनिवारी सहाला आणा. त्यांना आधी सांगितलं नाही तरी चालेल.' खाली वसंतचं उत्तर, 'नक्की आणतो. तिला संशय येऊ देत नाही.'

पन्नाशी उलटलेला नवरा, कुठला नंबर, कसलं आणणं? माझ्या आईला शेवटी शेवटी असंच वाटायचं. मोर्शीच्या घरात सुना आपल्याबद्दल कुजबुजतात, आपल्याला कुठेतरी नेऊन टाकणार आहेत, असं ती म्हणायची. स्वतः इतकी हळू बोलायची की आम्हाला वाकून ऐकावं लागे. आम्ही तिला संशयी म्हणायचो. आज वाटतं, कदाचित सुना खरंच कुजबुजत असतील.

फोन होता तसा ठेवला. शनिवारी बघते.

शनिवार, ८ मार्च

वसंत म्हणाला, चल, नव्या दुकानात हेडफोन पाहू. मी साडी बदलली, पर्स घेतली, पर्समध्ये ही डायरी घेतली. मैथिलीही निघाली. ती कशाला, असं विचारलं नाही.

गाडी थांबली ती कान-नाक-घशाच्या दवाखान्यापुढे.

मी खाली उतरायला नकार दिला. वसंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मैथिली मागून पुढे वाकली, माझ्या उजव्या खांद्यापाशी आली आणि म्हणाली, "आई, मी गेली दहा मिनिटं तुझ्या डावीकडून तुझ्याशी बोलतेय."

दहा मिनिटं. मला वाटलं होतं ती आज गप्प आहे.

आत एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून लहान. निरोप त्यांचाच होता. त्यांनी दोन दातांचा एक लोखंडी काटा तळहातावर आपटला आणि माझ्या डाव्या कानापाशी धरला. काही नाही. मी म्हटलं, वाजलाच नाही. त्यांनी तो मैथिलीच्या कानाशी नेला. ती म्हणाली, वाजतोय. मग त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला.

वाजला. डोक्याच्या आत, डावीकडे, घुमत राहिला. इतक्या महिन्यांत त्या बाजूने इतकं भरून काही आलं नव्हतं.

मग तोच दांडा कपाळाच्या मध्यावर ठेवला आणि कोणत्या बाजूला ऐकू येतं असं विचारलं. डावीकडे जास्त येत होतं. मी लगेच म्हटलं, बघा, डावा कान तर चांगला आहे. मला वाटलं, पकडलं यांना. त्या म्हणाल्या, याच कारणासाठी ही तपासणी करतात. आतली नस चांगली आहे. मधलं एक इवलंसं हाड आखडलं आहे, बाहेरचा आवाज आत पोचत नाही. हाडातून गेला तर पोचतो. आणि गोंगाटात बरं ऐकू येतं का, असंही विचारलं. लोक तिथे मोठ्याने बोलतात म्हणून, म्हणाल्या. मी गाडीबद्दल काही सांगितलं नाही.

नंतर काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. उजवीकडे दाबत गेले. मग खूप वेळ काहीच होईना. काचेपलीकडे तपासणारी मुलगी एकेक खिट्टी फिरवत होती, मैथिली आणि वसंत माझ्या अंगठ्याकडे बघत होते, आणि मी वाट बघत होते. या वेळी हेडफोन खराब आहे असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

आईलाही असंच होतं का, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पुष्कळदा घराण्यात असतं म्हणे. मी नाही म्हणाले. बाहेर येऊन पुन्हा आत गेले आणि हो म्हणाले.

रविवार, ९ मार्च

ठिपका मैथिलीने सरकवला होता. दोन फेब्रुवारीला सकाळी, मी उठायच्या आधी. म्हणाली, तुला सारखं ऐकू आलं तर तू दुकानदारांशी भांडणार नाहीस असं वाटलं. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, "तू ज्या आवाजात विचारतेस ना, त्यात सांगता येत नाही."

वसंतने डिसेंबरपासून तीनदा विषय काढला होता. तिन्ही वेळा मी तोडून टाकलं, असं तो म्हणतो. मला एकदाच आठवतं. उरलेल्या दोन वेळा तो कोणत्या बाजूला बसला होता कोण जाणे.

म्हणजे नीलमने फोनला हात लावला नव्हता.

सोमवार, १० मार्च

सकाळी लवकर पोचले. माझी एक सवय आहे. टाइप करून झालं की एक कच्ची प्रत काढते, ती खालच्या खणात टाकते, महिन्या-दोन महिन्यांनी फाडते. चार फेब्रुवारीची सापडली. वर छापल्याची वेळ, तीन बावन्न. नीलमने मसुदा उघडायच्या पावणेदोन तास आधीची.

साठ दिवसांत.

साहेबांचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर अजून होतं. उजव्या कानाला लावून ऐकलं. सात. स्वच्छ सात.

कच्च्या प्रतीत आणखी दोन चुका होत्या. गावाचं नाव आणि एक तारीख. गेलेल्या नोटिशीत त्या दोन्ही बरोबर आहेत.

प्रत पर्समध्ये ठेवली. ती आहे हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

बुधवार, १२ मार्च

कान बिघडलेला लघुलेखक. हे कागदावर गेलं की माझं काय होणार? दुसऱ्या कामावर टाकतील, यादीतून नाव उडेल. सूर्यभानसुद्धा मला मोठ्याने ओरडून सांगेल. चौकशीत पुरावा नाही म्हणून नीलम आपोआप सुटेलच की. महिन्या-दोन महिन्यांत विषय थंड होईल. असं होतं, मी पाहिलं आहे.

बावीस जानेवारीचं पान वाचलं. 'त्यांच्या लोकांत' हे माझ्याच अक्षरात आहे. खोडायला पेन उघडलं, मग बंद केलं. शब्द उतरवून झाल्यावर बदलायचे नसतात.

रविवार, १६ मार्च

वसंतला प्रत दाखवली. त्याने वाचली, घडी घातली, मला परत दिली. मी म्हटलं, तू काही सांग. तो म्हणाला, "मी सांगितलं तर तू उद्या म्हणशील की मी भरीस घातलं." त्याचं बरोबर होतं.

सोमवार, १७ मार्च

साहेबांना अर्ज दिला. चूक माझी होती, तक्रार खोटी होती, ऐकण्यातला दोष वैद्यकीय तपासणीत दिसला, अहवाल जोडला आहे, कच्ची प्रत जोडली आहे. सात ओळी.

साहेबांनी वाचला आणि दार लावायला सांगितलं. मी माझी खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या अंगाला नेली, मग बोला म्हटलं. ते म्हणाले, संस्थेला दुरुस्तीपत्र गेलंय, प्रकरण मिटत आलंय. नीलमला पुढच्या महिन्यात वर आणूच. हा कागद आवक नोंदवहीत घेतला तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल, नाही घेतला तर कोणाचं काही बिघडत नाही.

मोहाचं होतं. कागद परत घ्यायला माझा हात पुढे झाला, हेही लिहून ठेवते. मग मी म्हटलं, सर, तिच्या फाईलला माझं दीड पान लागलं आहे. त्यावर हे लागलं पाहिजे. त्यांनी शिक्का मारला.

तिथून खाली अभिलेख कक्षात गेले. नीलम स्टुलावर बसून गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावत होती. बोटं धुळीने काळी. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. ती ऐकत राहिली. नेहमी ऑफिसात शुद्ध बोलते, आज तशी बोलली नाही.

"मॅडम, दिवाळीपासून मी तुमचे मसुदे पाहून राहिली. एक-दोन चुका असत. दुरुस्त करत होती. तुमाले सांगितलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं. मी नवीन होती तवा तुमीच मले शिकवलं ना."

"मग त्या दिवशी साहेबांपुढे का नाही सांगितलंस?"

"सूर्यभान दारात होता. तुमच्या कानाचं त्याच्यापुढे कसं सांगू?"

तिला माहीत होतं. तिला माझ्या आधी माहीत होतं.

मी माफी मागितली. तिने हातातली चिठ्ठी चिकटवली, अंगठ्याने दाबली.

"मले तुमचा राग आहे," ती म्हणाली. "आजबी आहे. हेतुपुरस्सर म्हणून लिवलं तुमी. माह्या बापानं विचारलं त्या शब्दाचा अर्थ काय, तं मले सांगता आला नाही." मग पुढचा गठ्ठा ओढत म्हणाली, "आणि मी रोज इथं बसून एकच इचार करत होती. दोन चुका दिसल्या, तं तिसरी मले कावून नाही दिसली."

शनिवार, २९ मार्च

मे महिन्यात कानाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणतात बहुतेकांना गुण येतो. 'बहुतेक' शब्दावर मी थांबले, वसंतने पुढचं विचारलं.

संध्याकाळी स्वप्निलच्या दुकानात गेले. त्याने त्या दिवशी वसंतला काय सांगितलं ते मी विचारलं. "मॅडमचे कान दाखवा, सर, एवढंच," तो म्हणाला. मग कानात न घालता, कानापुढच्या हाडावर टेकवायचे हेडफोन काढले. मागून मानेभोवती जातात, अंबाड्याला त्रास नाही. कान उघडे राहतात, त्यामुळे गाडीत स्टेशनची घोषणा ऐकू येते आणि ऑफिसात कोणी हाक मारली तर तीही. गाण्याला मोठ्या हेडफोनचा भरदारपणा नाही, बारीक वाद्यं जरा दबतात, हे त्याने न विचारता सांगितलं. लावले. दोन्हीकडून आलं. मी ठिपका कुठे आहे ते आधी तपासलं, मग विश्वास ठेवला. हेच घेतले.

मोठे हेडफोन मैथिलीला दिले. चांगले आहेत, ती म्हणाली.

बुधवार, २ एप्रिल

मला ताकीद मिळाली, लेखी. यादीवरचा निर्णय ऑपरेशननंतरच्या अहवालावर. नीलम कालपासून वर आली. अभिलेख कक्षाचा आदेश रद्द, माझ्या अर्जाची प्रत तिच्या फाईलला. साहेबांनी नवीन पद्धत लावली आहे. माझा प्रत्येक मसुदा बाहेर पडण्याआधी नीलम वाचून दाखवणार, मी मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहणार, मग सही.

ती माझ्याशी कामापलीकडे बोलत नाही. डबा वेगळा खाते.

आज पहिला मसुदा वाचायला घेतला. ती उभी राहिली आणि असा खडा आवाज लावला की पलीकडच्या खोलीतले दोघे दारात आले. सूर्यभान थांबला. चूक आली तिथे ती थांबली, चुकीचा शब्द वाचला, मग बरोबर शब्द वाचला, दोन्ही सारख्याच मोठ्याने. एकूण तीन जागी.

मला ऐकू यावं म्हणून ती एवढ्या मोठ्याने वाचते, की सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, हे मला कळलं नाही. दोन्ही असेल. विचारलं नाही. मी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत गेले, आणि ऐकू सगळं आलं.